दर पावसाळ्यात घोडी लंगडते, खुराला वास येतो: तीन वर्षं औषधं बदलत होतो, चूक नालेत निघाली

दसऱ्याला आमच्याकडे घोडीची पूजा असते. सकाळी तिला धुवायचं, खरारा करायचा, गळ्यात झेंडूची माळ घालायची, मग आई चारही खुरांवर पाणी घालून हळदकुंकू लावते. २०२२ च्या दसऱ्याला ती पुढच्या डाव्या पायाशी वाकली आणि नाकाला पदर लावून मागे सरली. "अरे, हिच्या पायात काहीतरी मेलंय."

पाय उचलून बघितला. नालेच्या आत शेण आणि चिखल यांचा सिमेंटसारखा घट्ट थर बसला होता. तो खूर साफ करायच्या आकड्याने उकरला तेव्हा खालून काळपट, चिकट घाण आली. तो वास ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको, बाकीच्यांना शब्दांत सांगता येणार नाही. बोट लावताच मैनाने पाय हिसकावून घेतला.

मैना म्हणजे आमची कुमैत (लालसर तपकिरी) घोडी, मारवाडी वळणाची, २०१९ साली सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारातून आणलेली. गाव वाईच्या पश्चिमेला, धोम धरणाच्या वरच्या अंगाला. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत अंगण, गोठा, वाट, सगळा एकच चिखल.

त्या वर्षीपासून दुखण्याचा क्रम ठरूनच गेला. आषाढात काही नाही. श्रावणात गोठ्यात शिरलं की वास. भाद्रपदात खडीच्या रस्त्यावर आणलं की डावा पाय जपून टाकायची. दसऱ्यापर्यंत उघड लंगडायची. मग ऊन पडायचं, जमीन वाळायची आणि दिवाळीनंतर आपोआप बरं. म्हणून घरात सगळे त्याला 'पावसाचं दुखणं' म्हणायला लागले. पाऊस काही आपल्या हातात नाही, तेव्हा उपाय एकच उरला: दर वर्षी नवं औषध.

पहिल्या वर्षी हळद आणि खोबरेल तेल. फरक शून्य. मग एका ओळखीच्याने सांगितलं म्हणून ट्रॅक्टरचं जळकं ऑइल. हे सगळ्यांत वाईट, का ते खाली सांगतो. दुसऱ्या वर्षी मोरचुदाची (कॉपर सल्फेटची) पूड फटीत भरली. वास गेला, पण आतलं जिवंत मांस भाजलं आणि नंतर महिनाभर मैना तो पाय हातात देईना. तिसऱ्या वर्षी नीट पोव्हिडोन आयोडीन आणलं, डॉक्टरांकडून इंजेक्शनंही झाली. आठ दिवसांत वास बंद, पंधरा दिवसांनी पुन्हा हजर. आणि त्याच ऑक्टोबरात एका सकाळी ती तीन पायांवर उभी दिसली. मला वाटलं हाड मोडलं. आत पू झाला होता.

पू मोकळा झाल्यावर आमच्या नालबंद चाचांना बोलावलं. त्यांनी औषधाच्या बाटल्यांकडे बघितलंही नाही. पाय मांडीवर घेतला, माझ्या मुलाची शाळेची मोजपट्टी मागितली आणि दोन्ही टाचांवर ती आडवी ठेवली. पट्टी आणि मधला मऊ भाग यांच्यात माझं बोट सहज जात होतं.

"बघा दादा. हिच्या पुतलीला, या मऊ भागाला, जमीन लागतच नाही. नाल कधी बदलली होती?"

"मे महिन्यात. पण घासली कुठंय चाचा? पावसात फिरवतोच किती आपण?"

"नाल नाही घासली. खूर वाढायचं थांबलं होतं का?"

तिन्ही वर्षांची चूक इथे होती. नाल कधी बदलायची हे मी नालेच्या झिजेवरून ठरवत होतो, रिक्षाच्या टायरसारखं. उन्हाळ्यात डांबरावर आणि खडीवर फिरणं होतं, नाल दीड-दोन महिन्यांत झिजते, नालबंद येतो, खूर आपसूक कापला जातो. पावसाळ्यात फिरणं बंद, नाल कोरी करकरीत, मग कशाला खर्च? पण खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. मे अखेर ते दसरा म्हणजे चार महिने. तेवढ्यात अडीच ते चार सेंटिमीटर वाढ झाली. बिनानालेचा खूर जमिनीवर थोडाफार झिजतो तरी. खाली लोखंड ठोकलेलं असल्यावर तोही मार्ग बंद.

यातून वास कसा येतो, ते जरा सविस्तर सांगतो, कारण हे कळल्यावर बाकीचं सगळं आपोआप कळतं. खूर उलटा धरला की मागच्या बाजूने पुढे टोक गेलेला, रबरासारखा त्रिकोणी भाग दिसतो. नालबंद त्याला पुतली म्हणतात, डॉक्टर फ्रॉग म्हणतात. घोड्याने वजन टाकलं की टाचा किंचित फाकतात आणि पुतली जमिनीवर दाबली जाते. या उघडझापेने पायातलं रक्त वर ढकललं जातं आणि पुतलीच्या खाचांत अडकलेला चिखलही थोडाफार निघून जातो. टाचा वाढल्या की पुतली अधांतरी राहते. काम नसलं की ती आक्रसते, टाचा एकमेकींकडे सरकतात आणि पुतलीच्या मधली उथळ खाच खोल, अरुंद चीर होऊन बसते. त्या चिरेत शेण-चिखल गेला की निघत नाही, हवा आत पोहोचत नाही. आणि हे सडवणारे जिवाणू हवा नसलेल्या जागीच फोफावतात. पाऊस त्यांना ओल पुरवतो, एवढंच. जळकं ऑइल का वाईट, तेही यातच आलं: घाण आत आणि वरून तेलाचं झाकण.

चाचांनी आणखी एक दाखवलं. खूर वाढताना पुढे सरकतो आणि नालेला सोबत नेतो. मे महिन्यात टाचेखाली असलेली नालेची मागची टोकं ऑक्टोबरात तळव्याकडे आत आली होती आणि तिथे दाबत होती. म्हणजे लंगडण्याचं कारण नुसतं सडणं नव्हतं.

तुमच्या घोड्याचं तेच आहे का, कसं बघायचं

पाय उचला, आकड्याने साफ करा. आकडा टाचेकडून पुढच्या टोकाकडे चालवायचा, उलटा नाही, नाहीतर पुतलीत घुसतो. मग पट्टीची परीक्षा करा. पुतली पट्टीला टेकली किंवा जेमतेम कागदाएवढी फट राहिली तर ठीक. नाल असेल तर नालेची जाडी सोडून बघायचं.

त्यानंतर कान साफ करायची कापसाची काडी मधल्या खाचेत हलकेच घाला. निरोगी पायात ती खाच म्हणजे अंगठा टेकवता येईल असा उथळ खळगा असतो. काडी सेंटिमीटरभर आत गेली, घोड्याने पाय ओढला, काडी काळी होऊन वास घेऊन बाहेर आली, तर रोग आत पोहोचलेला आहे. मैनाच्या पायात चीर वर टाचेच्या दोन उशांमध्ये, जिथे केस सुरू होतात तिथपर्यंत गेली होती. वरून नुसती सुरकुती वाटायची.

एक सावधगिरी. पुतलीचा वरचा थर वर्षातून एक-दोनदा आपणहून सोलून निघतो. सोललेलं कातडं लोंबतंय पण वास नाही आणि दुखत नाही, तर घाबरायचं कारण नाही. आमच्या शेजारच्या गावात एकाने अशीच निरोगी पुतली रक्त येईपर्यंत कापून काढली होती.

लंगड पाहायला घोडा दुडकीवर पळवून बघावा, कडक सपाट जमिनीवर, सरळ रेषेत, दोर ढिला सोडून. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना मान वर जाते आणि चांगला पाय टेकताना खाली येते. मारवाडी-काठियावाडी घोड्यांच्या बाबतीत इथेच फसगत होते. रवाल चालीत, म्हणजे त्यांच्या न उसळणाऱ्या जलद चालीत, मान स्थिर राहते आणि थोडीफार लंगड तिच्यात झाकली जाते. भाद्रपदात मी मैनाला रवालवर फिरवत होतो आणि सगळ्यांना सांगत होतो की अजून काही सुरू झालेलं नाही. पाठीवर बसून तर ते आणखी कळत नाही. दुसऱ्याला दोर द्या आणि तुम्ही बाजूला उभे राहून बघा.

औषध कुठलं आणि कसं

औषध लागतंच. पण आधी खूर कापून घ्यायचा, टाचा उतरवायच्या आणि पुतलीची मेलेली, लोंबती साल जाणत्या हाताने काढून चीर उघडी करायची. त्याआधी टाकलेलं औषध चिरेत पोहोचतच नाही. माझ्या तिसऱ्या वर्षीच्या आयोडीनचं तेच झालं. औषध योग्य होतं, पण ते नुसतं वरवर सुकत होतं.

साफ झाल्यावर एकदाच धुवायचं आणि पूर्ण कोरडं करायचं. रोज पाण्याने धुणं म्हणजे रोज ओल देणं. नंतर पोव्हिडोन आयोडीन पातळ करून, फिक्या चहाच्या रंगाएवढं, त्यात गॉजची पट्टी भिजवायची, पिळायची आणि चिरेत हलकी बसवायची. ठासायची नाही. रोज बदलायची. काडी स्वच्छ आणि बिनवासाची निघायला लागली की आठवड्यातून दोनदा पुरे. आमच्याकडे याला दहा-बारा दिवस लागले.

मोरचूद चालतो, पण मेलेल्या, कोरड्या भागावरच. गुलाबी मांस दिसत असेल तर हात लावू नका. भाजलेल्या मांसात पुन्हा रोग शिरतो. फॉर्मलिन, ब्लीचिंग पावडर, चुनकळी यांच्याबद्दल लोक सांगतात ते सोडून द्या. बायोटिनबद्दलही विचारणा होते. ते नव्याने वाढणाऱ्या खुराला उपयोगी पडतं, आणि खुराचं पुढचं टोक वरून खाली पूर्ण नवं यायला ९ ते १२ महिने लागतात. सडण्यावर ते औषध नव्हे. त्या पैशात दोनदा नालबंद येऊन जातो.

उभं राहायची जागा

मैना पावसाळ्यात दिवसाचे वीस तास एका जागी उभी असायची, खाली भाताचा पेंढा, त्यात लीद आणि मूत. वरून कोरडा दिसणारा पेंढा खाली उबट, ओला असतो. घोडा पन्नास पावलंही चालत नाही, स्वतःच्या मुतात उभा असतो, आणि हे आपल्याला जाणवत नाही, कारण आपण दारातूनच वैरण टाकतो.

या मे महिन्यात गोठ्याबाहेर पत्र्याच्या उताराखाली दहा बाय बारा फुटांची जागा वीतभर खणली. तळाला जांभ्याचे तुकडे, वर खडी, त्यावर मुरूम, बाहेरच्या बाजूला थोडा उतार आणि चर. खर्च मुख्यतः ट्रॉलीभर मुरमाचा. गोठ्यात पेंढ्याऐवजी भाताचं तूस टाकलं. ओला भाग फावड्याने तेवढाच उचलता येतो. रोज सकाळी दोन तास आणि संध्याकाळी पाऊस उघडला की ती मुरमावर मोकळी. वैरण एका टोकाला, पाणी दुसऱ्या टोकाला. त्यासाठी तिला दिवसातून कितीतरी फेऱ्या माराव्या लागतात आणि मला काही करावं लागत नाही. वैरण मात्र गव्हाणीत द्या, मुरमावर टाकू नका. वाळू-माती पोटात गेली की पोटशूळ होतो.

नाल काढायची की ठेवायची

यावर दोन मतं आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. पावसात रोज डोंगराच्या दगडी वाटेने ओझं किंवा पर्यटक नेणाऱ्याला नाल काढून चालणार नाही. त्याने सहा आठवड्यांनी नाल उतरवून, खूर कापून, तीच नाल परत ठोकून घ्यावी. न झिजलेली नाल पुन्हा वापरता येते, म्हणजे नव्या नालेचा खर्चही वाचतो. हे मला तीन वर्षं सुचलं नाही.

माझ्यासारखा, ज्याची घोडी चार महिने जवळजवळ बसूनच असते, त्याने काढलेली बरी. आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात काढली. पहिले पंधरा दिवस मैना खडीवर अंडी तुडवल्यासारखी चालली आणि आईने मला बरंच ऐकवलं. नंतर तळवा घट्ट झाला. दर पाच आठवड्यांनी चाचा येतात, कानस फिरवतात, टाचा बघतात. टाचा एका दमात उतरवल्या नाहीत. इतके दिवस उंच टाचेवर उभी असलेली घोडी एकदम खाली आणली तर पायामागच्या कंडरेवर (जाड दोरीसारख्या शिरेवर) ताण येतो. तीन खेपांत हळूहळू उतरवल्या.

नाल परत ठोकताना एक बघा: तयार नाल लहान निघाली म्हणून खुराची भिंत कानसून नालेच्या मापाची केली जातेय का. तसं होत असेल तर तिथेच थांबवा. नाल ठोकून, वाकवून खुराच्या मापाची करायची असते.

वास नाही आणि तरी लंगडतो

मग वरचं सगळं बाजूला ठेवा. नाल ठोकल्यावर काही दिवसांतच लंगड सुरू झाली तर खिळा जिवंत भागात किंवा त्याच्या फार जवळ गेलाय असं समजून नालबंदाला परत बोलवा, तो खिळा उपटायला लावा आणि डॉक्टरांना दाखवा.

रात्री बरा आणि सकाळी पाय टेकत नाही, खूर गरम, पायाच्या मागच्या बाजूला खुराच्या वरच्या सांध्याशी दोन बोटं हलकी ठेवली की नाडी थडथड लागते: बहुधा आत पू आहे. डॉक्टर येईपर्यंत कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पाय बुडवून ठेवता येतो. स्वतः सुरीने भोक पाडू नका. पू मोकळा झाल्यावर पाय स्वच्छ ठेवायला आम्ही लहान मुलांचा डायपर बांधला, त्यावर चिकटपट्टी आणि वरून टायरच्या ट्यूबचा तुकडा. हसू येतं पण टिकतं. धनुर्वाताची लस झालेली नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि झाल्यावर वाचवणं अवघड असतं.

पुढचे दोन्ही पाय दुखताहेत, घोडा ते पुढे टाकून मागच्या पायांवर रेलून उभा आहे, हलायला तयार नाही, आणि दोन दिवसांत त्याने हरभऱ्याचं पोतं फोडलंय किंवा वरातीत लोकांनी पेढे-गूळ चारलाय, तर एक तासही थांबू नका. दाणा बंद, फिरवणं बंद, डॉक्टर. 'चालव, मोकळा होईल' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. या रोगात (डॉक्टर याला लॅमिनायटिस म्हणतात) चालवल्याने खुराच्या आतलं हाड भिंतीपासून सुटू शकतं.

आणि पुतलीवर फुलकोबीसारखी मऊ, ओली वाढ दिसली, सहज रक्त येतंय, तर तो वेगळा रोग आहे. तिथे आयोडीन आणि गॉज यांच्यावर दिवस घालवू नका.

यंदा काय झालं

श्रावणात वास नाही. भाद्रपदात चार दिवस सलग धुवाधार पाऊस लागला, मैना मुरमावर आलीच नाही, आणि मागच्या उजव्या पायाला हलका वास आला. तो पाय गेल्या तीन वर्षांत कधी दुखला नव्हता. चाचांनी तीच पट्टी मागितली. टाचा ठीक होत्या, पुतली टेकत होती, नुसती घाण साचली होती. सहा दिवस गॉज ठेवलं आणि बंद झालं. दुडकीवर मान हलली नाही.

डाव्या पुढच्या पायाची चीर मात्र पूर्ण भरलेली नाही. मागच्या वर्षी काडी दीड सेंटिमीटर जायची, आता अर्धा जाते, कोरडी जाते, दुखत नाही. टाचा अजून उजव्या पायापेक्षा अरुंद आहेत. चाचा म्हणतात आणखी एक पावसाळा जाऊ द्या. दसऱ्याला आईने चारही खुरांना कुंकू लावलं, आधी वास घेऊन. नाल दिवाळीनंतर ठोकायची आहे, आणि त्यापुढच्या सहाव्या आठवड्याची तारीख कालनिर्णयावर आत्ताच लाल गोल करून ठेवली आहे.